मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

माझी भाची इंजिनिअरिंग संपवून हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत जॉइन होतेय. घरात सगळे खूश आहेत, पण तिचे प्रश्न संपत नाहीत, बेंच म्हणजे काय, हातात नक्की किती येणार. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत झाली, मी काय सांगणार? कंपनीचं नाव घेऊ नका, पण जे असेल ते खरं लिहा.

*

हातात किती येणार ते आधी सांगतो. सीटीसीला, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्याला, बाराने भागायचं नाही. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग असतो जो पूर्ण मिळेलच असं नाही, आणि ग्रॅच्युइटी असते, बेसिकच्या ४.८१ टक्के. कायम नोकरीत पाच वर्षांच्या आत सोडलं तर ग्रॅच्युइटीचे पैसे मिळत नाहीत. भाचीला ऑफर लेटरचं मागचं पान वाचायला सांगा.

*

माझ्या मते कंपनी कुठली यापेक्षा प्रोजेक्ट कुठलं मिळतं यावर सगळं अवलंबून असतं. एकाच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरची पोरं सहाला बस पकडतात आणि पाचव्यावरची अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्री जागतात. मी ट्रेनिंगमध्ये जावा शिकले आणि बेंचवर बसले, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना रोज वेळेवर यायचं, कार्ड पंच करायचं, आणि प्रोजेक्टवर माणसं नेमणाऱ्या रिसोर्सवाल्यांचा मेल यायची वाट बघायची, आणि मग मिळालं ते सपोर्टचं काम, तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, सोडवून बंद करायची. नाही म्हणायची सोय नव्हती. पण तिथला मॅनेजर इतका चांगला होता की क्लायंट कॉलवर मला बोलायला लावायचा, चुकलं तर स्वतः सावरून घ्यायचा. आज जे काही येतं ते त्याच्यामुळे. पुढच्या मॅनेजरने मात्र बेल कर्व्हचं, म्हणजे टीममधल्या ठरावीक लोकांना कमी रेटिंग द्यावंच लागतं असं, कारण देऊन रेटिंग खाली आणलं, काम तेच, क्लायंटचं कौतुकाचं मेल हातात, तरी. त्याचा राग अजून आहे.

*

मुलगी झाली तेव्हा २६ आठवड्यांची पगारी रजा पूर्ण मिळाली, २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी तेवढी आहे, कुणाच्या विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. माझी मैत्रीण छोट्या फर्ममध्ये होती, तिला राजीनामाच द्यायला लावला. पण मी परत आले तर माझ्या जागी दुसरी व्यक्ती होती आणि मी पुन्हा बेंचवर. रजा देतात, पण प्रोजेक्ट राखून ठेवत नाहीत, हे बदललंच पाहिजे.

*

फक्त आयटीच नको म्हणून लिहितोय. मी चाकणला गाड्यांच्या कारखान्यात कायम कामगार आहे. कँटीन, बस, युनियनचा करार, सगळं आहे आणि त्यावरच पोरांची शिक्षणं चालू आहेत. पण लाइनवर माझ्या शेजारी तोच बोल्ट तोच टॉर्क मारणारा कंत्राटी पोरगा असतो, त्याच्या शर्टाचा रंग वेगळा आणि पगार माझ्यापेक्षा कितीतरी कमी. ब्रेक दिला, म्हणजे कंत्राट मध्येच थांबवलं, की तो घरी बसतो, परत बोलावतील याची खात्री नाही. मोठी कंपनी चांगली का विचाराल तर मी हो म्हणेन, पण त्याला विचारा एकदा.

*

वडिलांची बायपास माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर झाली, कॅशलेस, जुना बीपी असूनही. आमच्या पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले होते. एवढ्यासाठी मी त्या कंपनीचे उपकार मानतो. मात्र नोकरी सुटली की ते कव्हर जातं, म्हणून आईवडिलांची वेगळी पॉलिसी त्यांची तब्येत चांगली असतानाच काढा.

*

सोडताना काय होतं तेही लिहिते. आमच्याकडे ९० दिवसांचा नोटीस पिरियड, नवी कंपनी तेवढं थांबायला तयार नाही, आणि जुनी लवकर सोडत नाही. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत माझी झोप उडाली होती. नंतर बघितलं तर पीएफ खात्यात एक्झिट डेटच, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकलेली नाही, एचआर फोन उचलेना. शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख पीएफच्या यूएएन पोर्टलवर आपल्याला स्वतः टाकता येते. आधार मोबाईलला लिंक हवा, ओटीपी त्याच्यावर येतो.