व्हिएतनाम: दोघांनीच सावकाश, की टूरबरोबर?

रानवाट:
ओळखीतली बरीच जोडपी हल्ली व्हिएतनामला जाऊन येतात. आठवड्याभरात हनोई, हा लाँग बे, दा नांग, हो ची मिन्ह सिटी, मध्ये विमानं. माझं मत स्पष्ट आहे: यातली दोन ठिकाणं गाळा आणि दोघांनीच रेल्वेने फिरा. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग १९३६ साली पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. सलग गेलात तर तीस तासांच्या वर लागतात. सलग जाऊच नका. वाटेतल्या हुए शहरात उतरा, राहा, मग पुढची गाडी धरा. हुए ते दा नांग जेमतेम शंभर किलोमीटर. बस हाय व्हान घाटाच्या बोगद्यातून सहा किलोमीटर अंधारात जाते, रेल्वे मात्र समुद्राला लागून डोंगराच्या कडेकडेने. टूरच्या बसमध्ये आपण आपल्याच माणसांशी बोलत राहतो. दोघंच असलो की शेजारच्या प्रवाशाशी खाणाखुणांनी का होईना, बोलणं होतंच.

कोयनाकाठ:
साफ असहमत. नोकरदाराला सलग रजा मिळते किती? शिवाय आम्ही शाकाहारी. तिथे साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. टूरवाले जेवणाची सोय बघतात, त्याला कमी लेखू नये. आणि 'मी सोन' या ठिकाणची, चाम लोकांची जुनी हिंदू देवळं! गाइडने समजावलं म्हणून कळलं की चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं होतं. दोघंच गेलो असतो तर पडक्या विटा बघून परतलो असतो.

चिंचपान:
'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) अशी पाटी असलेल्या खाणावळी शोधा, त्या पूर्ण शाकाहारी असतात. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला अनेक बौद्ध कुटुंबं मांस-मासे खात नाहीत, हुएमध्ये तर शाकाहारी जेवणाची जुनी परंपरा आहे. मी सोनला जाण्याआधी दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय निवांत बघा. आपल्या पुरातत्त्व खात्याने मी सोनला जतनाचं काम केलंय, २०२० साली तिथे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. अशा जागी घड्याळ लावून तासाभरात काय बघणार?

सईची_आई:
तुम्ही सगळे 'दोघं' म्हणताय, पण तिकिटं, व्हिसा, औषधं, जेवण हे बघणार कोण? बहुतेक घरांत बायकोच. मला टूर आवडते, कारण तेवढे दिवस कुणी मला काहीच विचारत नाही. ती माझी खरी सुट्टी असते. सावकाश प्रवासाचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी हे आधी समजून घ्यावं.

रानवाट:
सईची_आई, मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच कामं निघण्याआधीच वाटून घ्यायला हवीत. आमच्याकडे रेल्वे आणि राहणं माझ्याकडे, रोजचा बेत बायकोकडे. बेत नको असेल त्या दिवशी होई आन या जुन्या गावात नदीकाठी नुसतं बसायचं. टूरमध्ये सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात, तीही दगदगच.

कोयनाकाठ:
बॅगा चालतील, पण मुक्कामाच्या गावी रात्री ताप चढला तर? भाषा न येणाऱ्या दोघांनी काय करायचं? आई-बाबांच्या वयाच्या जोडप्यांना मी तरी टूरच सुचवेन.

सईची_आई:
आणि कामं वाटून घेणाऱ्या नवऱ्यांनी तो तक्ता इथे टाकावा. ई-व्हिसा आता ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, म्हणजे वेळेची सबब निदान तिथून तरी येणार नाही. ह्यांना वाचायला देते.