जलाश्व: स्वस्तातला सौदा की गळ्यातलं लोढणं?

हट्टी_हिशेबनीस (धागाकर्ता)
जुनी स्कूटर घेतानाही आपण आधी मेकॅनिकला दाखवतो. २००७ मध्ये आपल्या नौदलाने अमेरिकेचं 'ट्रेंटन' हे सैन्यवाहू जहाज घेतलं आणि त्याचं 'जलाश्व' केलं. १९७१ चं जहाज, म्हणजे ३६ वर्षं वापरलेलं. किंमत जवळपास ५ कोटी डॉलर, वर सहा जुन्या सी किंग हेलिकॉप्टरांचे पैसे वेगळे. पुढच्याच वर्षी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने ताशेरे ओढले: जहाजाची अवस्था नीट न तपासता घाईने खरेदी झाली. शिवाय अट अशी, की आक्रमक मोहिमेत वापरायचं नाही आणि अमेरिका तपासणीला येणार. शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्यासाठी बांधलेलं जहाज! बैल घ्यायचा आणि नांगराला जुंपायचा नाही, असला व्यवहार. आणि २००८ च्या फेब्रुवारीत याच जहाजावर विषारी वायूच्या गळतीत पाच नौसैनिक गेले. माझं म्हणणं सरळ आहे, हा सौदा फसला.

बॉयलरवाला
पाच पोरं गेली त्यावर वाद नाही. बाकी हिशेब अर्धाच मांडलात. २००४ च्या सुनामीत मोठं सामान आणि माणसं एका दमात नेणारं जहाज नाही, ही टोचणी नौदलाला लागली होती. नवं बांधायला घेतलं असतं तर किती वर्षं गेली असती? जलाश्व १७३ मीटर लांब, हजारभर सैनिक मावतात. बॅलास्टच्या टाक्यांत पाणी घेतलं की मागची बाजू खाली बसते, पोटातली गोदी भरते आणि आतल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. बंदर नको, धक्का नको. तेव्हा आपल्याकडे असं दुसरं काही नव्हतं.

कोकणी_मेवा
थोडं अवांतर: जलाश्व म्हणजे पाणघोडा. आकार बघता नाव ठेवणाऱ्याला मानलं. :)

हट्टी_हिशेबनीस
@बॉयलरवाला, तुमच्याच मुद्द्यावर येतो. दुसरं काही नव्हतं, मान्य. मग नंतर तरी आलं का? अशी चार जहाजं देशात बांधायची निविदा निघाली, वर्षानुवर्षं रेंगाळली आणि २०२० मध्ये गुंडाळली. हातात जुनं आहे म्हटल्यावर नव्याची घाई कोणाला? हे नुकसान कॅगच्या अहवालात दिसत नाही.

दर्यावर्दी_७१
दोघंही जहाजाचा पूर्वेतिहास विसरताय. १९८८ मध्ये इराणच्या सासान तेल-फलाटावर अमेरिकेने हल्ला केला, तेव्हा ट्रेंटन त्या ताफ्यात होतं. पण १९९१ च्या जानेवारीत सोमालियाची राजधानी मोगादिशू पेटली, तेव्हा याच जहाजावरून दोन हेलिकॉप्टरं उडाली, वाटेत हवेतच इंधन भरलं आणि सैनिकांना थेट अमेरिकी वकिलातीत उतरवलं. मग 'ग्वाम' या दुसऱ्या अमेरिकी जहाजावरच्या हेलिकॉप्टरांनी फेऱ्या मारल्या. सगळे मिळून २८१ जण सुटले, त्यात सोव्हिएत राजदूतसुद्धा! २००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धात बैरूतमधून माणसं आणायलाही हेच. आक्रमणाची अट कागदावर काहीही असो, या जहाजाचा पिंडच सोडवणुकीचा.

मालेची_मावशी
मी नौदलातली नाही, हिशेबातलीही नाही. माझा भाचा मालदीवमध्ये, मालेत हॉटेलात कामाला होता. कोविडमध्ये हॉटेल बंद, विमानं बंद. मे २०२० मध्ये जलाश्वने पहिल्याच फेरीत ६९८ जणांना कोचीला आणलं, त्यांत १९ गरोदर बायका. भाचा दुसऱ्या फेरीत आला. तुमच्या ५ कोटी डॉलरांत माझ्या बहिणीचे किती, ते तुम्हीच काढा.

बॉयलरवाला
मावशी, मी काढून देतो. त्या मोहिमेत समुद्रमार्गे ३९९२ लोक परत आले. माले, कोलंबो आणि इराणचं बंदर अब्बास धरून जलाश्वच्या पाच फेऱ्या झाल्या, ३३०० च्या वर माणसं एकट्या तिने आणली. इतर तीन जहाजांनी मिळून सातशेसुद्धा नाहीत.

हट्टी_हिशेबनीस
मावशी, तुमचा भाचा सुखरूप आला याचा आनंद आहे, त्याला हिशेबात नाही धरत. पण बॉयलरवाले, हाच आकडा मी उलटा वाचतो. सव्वा अब्जाच्या वर लोकसंख्येच्या देशात अशा वेळी पाचही मोठ्या फेऱ्या पन्नाशीला आलेल्या एकाच जहाजाला माराव्या लागल्या. त्या मे महिन्यात तिचा बॉयलर बसला असता तर?

बॉयलरवाला
बसला असता तर आम्हीच आत शिरून दुरुस्त केला असता, दुसरं काय. माझी नोकरी वाफेवरच गेली. खरी पंचाईत पुढेच आहे. २०१७ मध्ये विमानवाहू 'विराट' निवृत्त झालं, तेही वाफेचंच. वाफेची जहाजं एकेक करत कमी होत चालली, पुढे हे काम शिकायला नवी पोरं कुठल्या जहाजावर पाठवणार? खरेदीवर अजूनही तुमच्याशी भांडेन, पण निविदेच्या मुद्द्यावर +१.