निलगिरीची पानांवर गाठी न येणारी जात कोणती? (६० रोपं, गोराई)

वाडीवाला_गोराई
वाडीचं कुंपण १२० मीटर. आतून एकाच ओळीत, दर २ मीटरवर, निलगिरीची ६० रोपं लावायची आहेत. वारा अडावा आणि पुढे वासे मिळावेत, एवढंच. खालच्या अर्ध्या भागात पावसाळ्यात पाणी साचतं, उधाणाला ते खारं होतं. रोपांसाठी २,००० रुपये, त्यावर नाही. एका रोपवाटिकेत बघितलेल्या रोपांच्या पानांना गाठी होत्या. गाठी न येणारी जात सांगा.

मुलुंडचा_माळी
सिट्रिओडोरा, म्हणजे लिंबाच्या वासाची. पानांवर गाठी एक बारीक माशी करते, ती हिच्यावर गाठी करत नाही. पान चुरगळून वास घ्या, मगच पैसे द्या. तीन फुटी रोपं घ्या, थोडे जास्त गेले तरी चालेल.

बोरिवली_पूर्व
तीन फुटी अजिबात नको. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालतं, ते जमिनीत गेल्यावरही सुटत नाही, आणि समुद्राच्या वाऱ्यात झाड बुंध्यापासून कलतं. रूट ट्रेनरमधलं (मुळं सरळ खाली नेणाऱ्या खाचांच्या कपातलं) ९ ते १२ इंची रोप घ्या. जात मात्र सिट्रिओडोराच.

हिरवी_वाट
कॅमाल्डुलेन्सिस जात घ्या. कॅलिफोर्नियातल्या कीड न लागणाऱ्या निलगिरींच्या यादीत ती वर आहे. ग्लोब्युलस ही जात तिथे लवकर बळी पडते.

भिंगवाला
@हिरवी_वाट, ती यादी खोडकिड्याची आहे, फोराकॅन्था भुंग्याची. साल ओली असली की त्याच्या अळ्या सालीत तग धरत नाहीत, म्हणून पाणी मिळालेली कॅमाल्डुलेन्सिस त्याला पुरून उरते. पण त्याच कॅलिफोर्नियात पानांवर पांढरी साखरी टोपी करणारा लर्प सिलिड हा रस शोषणारा किडा आला, तेव्हा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो कॅमाल्डुलेन्सिसनेच. 'कीड न लागणारी' म्हणताना कोणती कीड ते आधी बघायचं.

आपल्याकडची गाठीची माशी तिसरीच. लेप्टोसायबी इन्व्हासा, मूळची ऑस्ट्रेलियाची, नाव मिळालं २००४ साली. लांबी जेमतेम सव्वा मिलिमीटर. तिची आवडती झाडं कॅमाल्डुलेन्सिस, टेरेटिकॉर्निस आणि त्यांचे संकर. ती अंडी घालते कोवळ्या पानाच्या देठात आणि मधल्या शिरेत. आधी शिरेवर खरखरीत डाग दिसतो, मग शीर मण्यांच्या माळेसारखी फुगते. हिरवी गाठ चकचकीत गुलाबी होते, शेवटी मळकट तपकिरी. तपकिरी गाठीवर टाचणीएवढं भोक दिसलं तर माशी उडून गेलेली असते. नराशिवाय मादी पिढी वाढवते, त्यामुळे गाठी असलेलं एक रोप आणलं तरी कीड पसरायला पुरतं.

वसईची_ताई
निलगिरी लावूच नका, विहिरीचं पाणी ओढते. बांबू लावा, वासे त्याचेही होतात.

मुलुंडचा_माळी
ताई, विहीर किती लांब आहे ते त्यांनी सांगितलंय कुठे? सिट्रिओडोरा घ्या, विषय संपला.

फवारा
गाठी आल्या तर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक द्या, दर पंधरा दिवसांनी. सरळ उपाय.

भिंगवाला
नको. अळी गाठीच्या आत असते, वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत जात नाही. मुळाशी दिलेलं औषध पोचतं, पण फुलं आल्यावर मधात उतरण्याचा धोका आहे, आणि निलगिरीच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात. लहान रोपाचे गाठीचे शेंडे कापा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा जाळा. मोठ्या झाडाला हात लावू नका. क्वाड्रास्टिकस मेंडेली नावाची, गाठीच्या माशीलाच मारणारी परजीवी माशी या गाठींतच वाढते, फांद्या जाळल्या तर तीही जाते. नत्र खत हात राखून द्या. कोवळी फूट जितकी जास्त, तितकी अंडी घालायला जागा.

अजून एक. क्लोन (बी न वापरता एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं) घेणार असाल तर एकाच नंबरचे ६० घेऊ नका. क्लोनची सगळी रोपं एकसारखी, एकाला लागली की ओळच्या ओळ लागते. बियांच्या रोपांत उलट असतं: एकाच झाडाच्या बियांची दोन रोपं शेजारी असतात, एक गाठींनी वाकतं आणि दुसऱ्यावर चार गाठीही नसतात.

बोरिवली_पूर्व
म्हणूनच म्हणतोय, सिट्रिओडोरा.

वाडीवाला_गोराई
सगळ्यांचे आभार. सिट्रिओडोराचं चौकशीनंतर कळलं की मुळाशी पाणी तुंबलेलं तिला चालत नाही, आणि माझ्या खालच्या भागात नेमकं तेच होतं. कॅमाल्डुलेन्सिस मुळात नदीकाठची, पाणी सोसते आणि थोडा खारेपणाही. म्हणून तीच घेतोय, पण क्लोन नाही, बियांची. लहान रोपं असल्याने बजेटमध्ये ७० बसतात. खालच्या भागात दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लावीन. पावसाळा संपला की गाठी मोजून सगळ्यात जास्त गाठींची १० उपटेन, ६० राहतील. दोन वर्षं दर रविवारी शेंडे बघायची तयारी आहे.

भिंगवाला
मग ७० रोपं ओळीत सारख्या अंतरावर लावू नका, नाहीतर उपटल्यावर कुंपणात खिंडारं पडतील. ६० जागीच खड्डे घ्या आणि त्यातल्या १० खड्ड्यांत फूटभर अंतराने दोन-दोन रोपं लावा, म्हणजे प्रत्येक जोडीतलं जास्त गाठींचं उपटता येईल. आणि मोजताना पान उलटून देठही बघा, पहिल्या गाठी तिथेच लपतात.