व्होल्टेज कमी झाल्यावर मोटर जास्त धारा का घेते? ओहमचा नियम येथे लागू होत नाही का?

द्राक्षबाग_तासगाव यांचा प्रश्न:

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग असून विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटर आहे. डीपीपासून (वीज वितरणाच्या रोहित्रापासून) विहीर ४०० मीटरवर आहे आणि मध्ये ४ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची केबल टाकलेली आहे. मोटर बंद असताना स्टार्टरच्या पेटीतला व्होल्टमीटर ४०० दाखवतो. मोटर चालू होऊन पाणी पडू लागले की काटा ३६० वर येऊन थांबतो. दोन उन्हाळ्यांत मोटर दोनदा जळाली. वायंडिंग करणाऱ्यांनी दोन्ही वेळा एकच कारण सांगितले, की व्होल्टेज कमी मिळाल्यामुळे मोटरने करंट जास्त ओढला आणि वायंडिंग भाजले.

माझा मुलगा दहावीत आहे. हे ऐकताच त्याने पाठ्यपुस्तक पुढे केले. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. रोध तोच असेल तर विभवांतर कमी झाल्यावर धाराही कमीच व्हायला हवी, असे त्याचे म्हणणे आहे. एवढ्यावर न थांबता त्याने जळण्यापूर्वीच्या मोटरीच्या दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरने मोजून ठेवला होता, तो सुमारे ३ ओहम भरला. ४०० भागिले ३ म्हणजे १३३ अँपिअर होतात, प्रत्यक्षात मात्र मोटर १० अँपिअरच्या आसपास घेते. तेव्हा वायंडिंगवाल्यांचे चूक, ओहमचे चूक, की दोघांचेही बरोबर आहे, हे कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

पदार्थविज्ञान_सातारा यांचे उत्तर:

आपल्या चिरंजीवांनी ३ ओहमचा आकडा मोजून ठेवला, याचे मला फार कौतुक वाटले. तीस वर्षे शिकवताना हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम वाहकाविषयी आहे आणि त्याला एक अट आहे, की तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असली पाहिजे. आपल्या शेतात हा नियम चोख चालतो तो केबलमध्ये. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०२८२ ओहम असतो. म्हणून ४ चौरस मिलिमीटरच्या ४०० मीटर तारेचा रोध प्रत्येक फेजला २.८२ ओहम होतो. थ्री फेजमध्ये दोन फेजांमधली घट काढताना ३ चे वर्गमूळ, म्हणजे १.७३, आणि पॉवर फॅक्टर (एकूण धारेपैकी प्रत्यक्ष काम करणाऱ्या धारेचे प्रमाण) विचारात घ्यावा लागतो. तो ०.८ धरला, तर १.७३ × १० × २.८२ × ०.८ म्हणजे ३९ व्होल्ट होतात. आपला काटा ४० व्होल्टनीच खाली येतो. याचा अर्थ वीजपुरवठा बहुधा ठीक आहे आणि घट वाटेत होत आहे.

मोटर मात्र नुसती तार नव्हे. तिच्या वायंडिंगमधून प्रत्यावर्ती धारा वाहते तेव्हा फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. बदलत्या चुंबकीय अभिवाहामुळे वेटोळ्यात विद्युत प्रवर्तन होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले, आणि प्रवर्तित धारेची दिशा तिला जन्म देणाऱ्या बदलाला विरोध करणारी असते, हे लेन्झ यांनी १८३४ मध्ये सांगितले. त्यामुळे हा अभिवाह खुद्द वायंडिंगमध्येच बाहेरच्या विभवांतराला विरोध करणारी विद्युत चालक प्रेरणा निर्माण करतो. मोटर चालू असताना ३६० व्होल्टपैकी बहुतांश व्होल्ट हा विरोधच पेलतो आणि ३ ओहमच्या तांब्यावर फारच थोडे व्होल्ट उरतात. १३३ अँपिअर का होत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. मल्टिमीटर तांब्याचा रोध मोजतो. चुंबकत्वाचा विरोध तो मोजू शकत नाही, कारण त्याच्या सेलची धारा बदलतच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर दोन ध्रुवांच्या मोटरीतले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, त्याच्या किंचित मागे, समजा २८५० फेऱ्यांनी, फिरतो. हे मागे पडणे, ज्याला स्लिप म्हणतात, आवश्यकच आहे, कारण दोघांचा वेग समान झाला तर रोटरच्या दांड्या बलरेषांना छेदणारच नाहीत आणि त्यांत धारा येणार नाही. व्होल्टेज कमी झाले की अभिवाह त्याच प्रमाणात कमी होतो. विहिरीतले पाणी तेवढेच वर चढवायचे असल्याने पंपाला लागणारा पीळ (टॉर्क) मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. क्षीण क्षेत्रातून तेवढाच पीळ मिळवायचा असेल तर रोटरमध्ये अधिक धारा हवी. म्हणून रोटर आणखी मागे पडतो, २८१५च्या आसपास येतो, अधिक वेगाने बलरेषा छेदतो, त्याची धारा वाढते आणि तिच्यामागोमाग बाहेरच्या वायंडिंगचीही वाढते.

हाच हिशोब वॅटमध्येही मांडता येतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. मोटरीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर आत सुमारे ४९७० वॅट जावे लागतात. वरचेच १.७३ आणि ०.८ धरले, तर ४१५ या नेहमीच्या ठरलेल्या व्होल्टेजवर त्यासाठी ८.६ अँपिअर पुरतात, ३६० व्होल्टवर १० अँपिअर लागतात. ज्यूलच्या नियमानुसार वायंडिंगमधली उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून १६ टक्के जादा धारेत उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त होते. त्यातच तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे ओहमची अटही तेथे मोडलेली असते.

वायंडिंग_मिरज यांचे उत्तर:

सरांनी आतले कारण सांगितले. जळालेली मोटर उघडल्यावर आम्हाला काय दिसते, ते मी सांगतो. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच तपकिरी-काळ्या झालेल्या असतील आणि वार्निशचा भुगा पडत असेल, तर मोटर बराच काळ जादा करंटवर चाललेली असते, मग कारण कमी व्होल्टेज असो वा पंप अडकणे असो. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या आणि तिसरीचे तांबे नव्यासारखे चमकणारे असेल, तर एक फेज गेलेला असताना मोटर चालू राहिलेली असते. तेथे केबल बदलून उपयोग होत नाही. आपल्या मोटरीच्या कॉइल कशा होत्या, हे दुरुस्ती करणाऱ्यांना जरूर विचारा.

दुसरी गोष्ट स्टार्टरच्या ओव्हरलोड रिलेची, म्हणजे करंट ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की मोटर बंद (ट्रिप) करणाऱ्या भागाची. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून रिलेची चकती वर फिरवून ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि माझ्या मते कमी व्होल्टेजपेक्षा या चकतीनेच जास्त मोटरी जाळल्या आहेत. रिले मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरवरच असावा. ट्रिप होणे ही तक्रार मोटरीची असते, ती ऐकून घ्यावी.

केबलचे म्हणाल तर १० चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकल्यास फेजचा रोध १.१३ ओहमवर येईल आणि घट १५ व्होल्टच्या आत राहील. सध्या तुमच्या तीन तारांत मिळून जवळपास ८५० वॅट नुसते जमीन तापवण्यात जात आहेत. जाड केबलमध्ये ते ३०० वॅटच्या खाली येतील.

पिठाची_गिरणी_पलूस यांचे उत्तर:

सरांच्या उत्तराबद्दल एक शंका आहे. आमची गिरणी रिकामी फिरत असताना संध्याकाळी व्होल्टेज उतरले की क्लॅम्प मीटरवर अँपिअर वाढत नाहीत, उलट थोडे कमी होतात. हे मी अनेकदा पाहिले आहे. मग नियम कोणता मानायचा?

पदार्थविज्ञान_सातारा यांचे उत्तर:

आपले निरीक्षण बरोबर आहे. रिकाम्या मोटरीतली बहुतेक धारा केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी खर्च होते. व्होल्टेज उतरले की क्षेत्र क्षीण होते आणि ती धाराही घटते. भरलेल्या मोटरीत काम करणारी धारा तिच्यापेक्षा मोठी असते आणि तिची वाढ या घटीवर मात करते. गिरणीत धान्य ओतल्यावर हेच मीटर पुन्हा पाहावे. तसेच मोटर सुरू होण्याच्या क्षणी रोटर स्थिर असल्याने ती दुय्यम वेटोळे शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी वागते. तेव्हा ती नेहमीच्या पाच-सहा पट धारा घेते, आणि त्या क्षणी मात्र व्होल्टेज कमी तर धाराही कमी, हा दहावीचा हिशोब लागू पडतो.

द्राक्षबाग_तासगाव यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वायरमनकडून मोजून घेतले. मोटर चालू असताना डीपीजवळ ३९९ व्होल्ट आणि विहिरीवर ३६० व्होल्ट मिळाले. तीन फेजांत ९.८, १०.१ आणि ९.९ अँपिअर होते. मोटरीच्या पाटीवर ८.५ अँपिअर लिहिलेले आहे आणि आमचा रिले १३ वर लावलेला निघाला. दुकानात विचारले असता तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या होत्या, असे कळले. रिले ८.५ वर आणल्यापासून मोटर पाऊण तासात बंद पडते, म्हणून केबल येईपर्यंत बागेला टप्प्याटप्प्याने पाणी देत आहोत. चर खणण्याचे काम सोमवारपासून आहे. नव्या केबलवर काटा ३८५ वर थांबेल, असा हिशोब मुलाने केला असून तो आकडा स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवला आहे.