आडवी बाटली : घरी राहिलेल्या बाईचे मत कोणाच्या पारड्यात?

शिवारातली : आमच्या गावात देशी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान झाले आणि आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारूनही दुकान चालूच राहिले, म्हणून हा विषय मांडते आहे. 2008च्या शासन आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले, तर राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्यांची पडताळणी करतो आणि पुढे गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात : दुकान बंद व्हावे यासाठी आडवी बाटली आणि चालू राहावे यासाठी उभी. खरी अडचण मोजणीत आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात.

समजा, यादीत 1,200 बायका आहेत आणि त्यांपैकी 780 जणी मतदानाला आल्या. आडव्या बाटलीला 570, उभीला 190 आणि 20 मते बाद, म्हणजे बंदीच्या बाजूने तिप्पट मते पडली; तरीही 601 न भरल्यामुळे दुकान सुरूच राहते. न आलेल्या 420 जणींमध्ये ऊसतोडीला गेलेल्या आहेत, लग्न होऊन सासरी नांदणाऱ्या पण माहेरच्या यादीत राहून गेलेल्या आहेत आणि नाव वगळायचे राहिलेल्या मृत बायकाही आहेत. या सगळ्यांचे मत आपण उभ्या बाटलीला देऊन टाकतो. आमदार निवडताना असा नियम कोणी मान्य केला असता का? गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी महाराष्ट्रातील विलीनीकरणावर कौल घेतला, तेव्हा विलीनीकरण नको म्हणणाऱ्या दोन पानांच्या चिन्हाला 1,72,191 आणि विलीनीकरण हवे म्हणणाऱ्या फुलाला 1,38,170 मते पडली. यादीत सुमारे 3 लाख 88 हजार मतदार होते, म्हणजे दोन पानांनाही एकूण मतदारांच्या निम्मी मते नव्हती, तरी तो कौल सर्वांनी मानला.

पायवाट : आपली तळमळ मला समजते, परंतु गोव्याचा दाखला आपल्याच विरोधात जातो. तेथे बदल सुचवत होते ते फूल. दोन पाने म्हणजे आहे तीच स्थिती. आपल्याला नको असलेला नियम लावला असता, तरी निकाल तोच लागला असता. बदल मागणाऱ्याने अधिक पाठबळ दाखवावे, हे तत्त्व मला चुकीचे वाटत नाही. परवानाधारकाने शुल्क भरलेले असते, दुकानावर चार माणसांची घरे चालतात आणि कमी मतदानात जागरूक गटाने सगळ्या गावाचा निर्णय घेऊन टाकावा, हेही योग्य नाही.

शिवाय दुकान बंद झाले म्हणून दारू बंद होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती आणि 2021 मध्ये शासनाने ती उठवली; अवैध विक्री आणि गुन्हे वाढल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. परवान्याच्या दुकानात निदान बाटलीवर शिक्का असतो, हातभट्टीत काय कालवले आहे ते कोणालाच कळत नाही.

जुनी वही : यादीबद्दल एवढेच सांगतो की, मृत आणि स्थलांतरित व्यक्तींची नावे वगळण्यासाठी नमुना 7 भरता येतो. निवेदनाच्या सह्या गोळा करण्याआधी हे काम झाले, तर निम्म्या मतांचा आकडाच खाली येतो. कष्टाचे आहे, पण आंदोलनातील बायका घरोघर जाणारच असतात.

शिवारातली : गोव्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, तो दाखला मी मागे घेते. हातभट्टीची भीतीही खरी आहे. मात्र ती पोलिसांनी करायच्या कामाची बाब आहे, मत कसे मोजावे याची नाही.

या नियमाचा जो परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, तो लिहिते. उभ्या बाटलीच्या बाजूच्या बाईला मतदानाला येण्याची गरजच नसते, कारण घरी बसूनही तिचे काम होते. त्यामुळे शाळेच्या फाटकातून आत जाणारी प्रत्येक बाई आडवीलाच मत देणार, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसांना आपोआप कळते. आमच्याकडे ते मोटारसायकली आडव्या लावून, कोण येते ते पाहत बसले होते. माझ्या शेजारणीने निवेदनावर सही केली होती. त्या दिवशी ती पदर डोक्यावरून पुढे ओढून फाटकापर्यंत आली, तिथे आपल्या दिराला पाहिले आणि रिकामी कळशी घेऊन हातपंपाकडे वळली. चिठ्ठी गुप्त ठेवून काय उपयोग, जर केंद्रात पाऊल टाकणे हेच उघड मत ठरत असेल?

पायवाट : हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मला गंभीर वाटतो. तरीही केवळ झालेल्या मतांचे बहुमत पुरे, असे मी म्हणणार नाही, कारण उद्या यादीतील शंभर बायका येऊन साठ मतांनी निर्णय होईल. आडव्या बाटलीला झालेल्या मतांत बहुमत हवे आणि तिची मते यादीच्या किमान एक तृतीयांश हवीत, अशी दुहेरी अट असावी. मग उभ्या बाटलीच्या बाजूच्या बायकांनाही घराबाहेर पडावे लागेल.

शिवारातली : 1,200 च्या यादीत एक तृतीयांश म्हणजे 400. ही अट मला मान्य आहे. फाटकासमोरच्या मोटारसायकली मात्र त्या दिवशी तहसीलदारांच्या माणसांनी हटवल्या पाहिजेत.