एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: आता पुढे काय?

प्रश्न (नागपूर): वय ३६. एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू) टेस्टच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, '१६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, इतर हाय रिस्क पॉझिटिव्ह'. पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल. हा कॅन्सर आहे का? घरचे गर्भपिशवी काढून टाकायचं म्हणताहेत.

उत्तर १: नाही ताई, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. १६, १८ हे एचपीव्हीचे प्रकार; ते तुमच्यात नाहीत, दुसऱ्या जास्त धोक्याच्या प्रकारचा विषाणू सापडलाय, एवढंच. बहुतेक वेळा शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. धोका असतो तो वर्षानुवर्षं टिकून राहिला तर. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. तुमच्यासारख्या रिपोर्टला सहसा १२ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही टेस्ट करतात. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड भिंगातून बघण्याची तपासणी). एवढ्यावरून पिशवी काढू नका, कृपा करून!

उत्तर २: १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असता तर पॅप नॉर्मल असूनही थेट कॉल्पोस्कोपी लागली असती, कारण या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस याच दोघांमुळे होतात. कॉल्पोस्कोपीत गर्भाशयाच्या तोंडाला ३ ते ५ टक्के अॅसेटिक अॅसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा पडलेला भाग दिसला तर तिथला तुकडा बायोप्सीला जातो. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, वेळापत्रक बदलतं.

उत्तर ३: मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत विचारा. जुना रिपोर्ट सोबत न्या. टेस्टच्या आधी ४८ तास योनीत क्रीम किंवा गोळी नको, पाळीत नमुना देऊ नका. अंगावरून मधेच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र वर्षभर थांबू नका, लगेच दाखवा.