‘पोकळी तयार करणे’ खटकतंय, दुसरा शब्द सुचवा

धरमपेठकर: दातांच्या दवाखान्यासाठी रुग्णांचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. ‘कॅव्हिटी प्रिपरेशन’ला ‘पोकळी तयार करणे’ लिहिलं, तर तिथल्या ताईंनी विचारलं, “म्हणजे पोकळी डॉक्टरच पाडतात?” प्रश्न रास्त आहे. अमाल्गम, म्हणजे दाढेत भरतात ती ‘चांदी’, दाताला चिकटत नाही. म्हणून कीड काढून झाल्यावरही खड्ड्याला आकार द्यावा लागतो: तळ सपाट, आत जरा रुंद, तोंडाशी अरुंद, खोली दीड-दोन मिलिमीटर. किडीनं पाडलेला खड्डा आणि डॉक्टरनं घडवलेला खड्डा, यांना मराठीत वेगळे शब्द हवेत.

महालवाला: ‘दाढ कोरणे’. आई हेच म्हणायची, “दाढ कोरली अन् चांदी भरली.”

धरमपेठकर: पण दात कोरणे म्हणजे काडीनं अडकलेलं काढणे. जेवल्यावर सगळेच कोरतात.

इतवारी: आमचं घराणं सोनारकामातलं. खडा बसवायच्या जागेला आम्ही ‘घर’ म्हणतो. शर्टाच्या काजालाही घर, चष्म्यालाही घर. ‘चांदीसाठी घर करणे’ लिहा.

महालवाला: घर तर किडीनं आधीच केलंय की हो! दोघांनाही एकच शब्द, मग अडचण सुटली कुठे?

मेडिकल_चौक: मी दंतवैद्य. इथल्याच, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकलो. प्लास्टरमध्ये बसवलेल्या काढलेल्या दाढेवर आम्ही हे शिकायचो. माझ्या पहिल्या खड्ड्याच्या भिंती बाहेर फाकल्या होत्या. भरलेलं सगळं सळईच्या एका टोकरणीनं अख्खं बाहेर आलं. तेव्हा आकाराचं मोल कळलं. आम्ही आपसात ‘कॅव्हिटी कट केली’ म्हणतो. जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याच्या १९०८च्या ग्रंथाच्या वळणानं पूर्वी आजूबाजूच्या चांगल्या खाचाही कापायचे, आता तेवढं कापत नाहीत. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, चिकटतं, त्याला हा आकार लागतच नाही. आणि ‘चांदी’ लिहू नका. त्यात जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. रुग्णाला खरं कळायला हवं. ‘पारदमेल’ लिहा.

महालवाला: पारदमेल वाचून रुग्ण खुर्चीतून उठेल! पन्नास वर्षं लोक चांदी म्हणताहेत, तर चांदीच लिहा, घटक खाली द्या.

इतवारी: अमाल्गमचं मूळ ग्रीक ‘मालाग्मा’, म्हणजे मऊ लेप. मला तर आपलं मलमही त्यातलंच वाटतं.

मेडिकल_चौक: मलम ‘मरहम’वरून आलं.

इतवारी: मरहम तरी कुठून आलं, ते शोधा!

धरमपेठकर: मंडळी, पत्रक गुरुवारी छपाईला जातंय. ‘खड्ड्याला आकार देणे’ चालेल का?

वर्धा_रोड: आमच्याकडे चांदी नाही अन् पारदही नाही. “दाढेत मसाला भरला,” एवढंच म्हणतात.

महालवाला: तो हिंदीतून आलाय.

वर्धा_रोड: भाऊ, १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथली हिंदी परकी कशी म्हणता? गवंडीही वाळू-सिमेंटच्या कालवणाला मसालाच म्हणतो, तोही मराठीतच बोलतो.